दमा, न उचलणारं पाऊल आणि आता डोळा – ईजीपीए (व्हॅस्क्युलायटिस, म्हणजे रक्तवाहिन्यांना सूज येण्याचा आजार) कुणाला झालाय का?

रोहिणी_भांडुप

नमस्कार मंडळी. एरवी मी नुसती वाचक, पहिल्यांदाच धागा काढतेय. घरात जे चाललंय त्याबद्दल मराठीत फार काही सापडत नाही आणि इंग्रजीतलं वाचून वहिनीला समजावताना माझीच दमछाक होते.

माझा मोठा भाऊ, वय ४७. लहानपणी दमा वगैरे काही नव्हतं, चाळिशीच्या आसपास सुरू झाला. नाक कायम चोंदलेलं, पॉलिपचं ऑपरेशन झालंय, वास तर येतच नाही. दमा वाढला की थोडे दिवस स्टिरॉइडच्या गोळ्या घ्यायच्या, बरं वाटलं की बंद, असं वर्षानुवर्षं चाललं होतं. यंदा पावसाळ्याच्या तोंडावर बारीक ताप राहायला लागला, वजन उतरलं, पोटऱ्यांवर जांभळट पुरळ आलं आणि मग एका सकाळी उजवं पाऊल वर उचलेचना. चप्पल पायातून निसटायची आणि दादाला कळायचंही नाही, आणि रात्री त्याच पायात अशी आग की चादर लागलेली सहन होत नव्हती. घराजवळच्या हाडांच्या डॉक्टरांनी सायटिका म्हणून कमरेचा एमआरआय करवला, गोळ्या आणि ट्रॅक्शन दिलं. तेवढ्यात डाव्या हाताची करंगळी आणि शेजारचं बोट बधिर झालं. वहिनी म्हणाली, कमरेची नस दबली तर हाताला कशाला होईल? मग आम्ही सरळ पालिकेच्या मोठ्या हॉस्पिटलात गेलो.

तिथल्या मेडिसिनच्या रेसिडेंट मुलीने सगळी जुनी फाइल शांतपणे वाचली आणि दमा, नाक, पुरळ, नसा हे सगळं एकाच कागदावर लिहून इओसिनोफिल (एक प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशी) बघितले. काउंट ६ हजारांच्या वर! नॉर्मल साधारण ५०० पर्यंत असतो. मग एनसीव्ही (नसांमधून संदेश किती वेगाने जातो ते बघायची तपासणी), पायाच्या नसेची बायोप्सी, टू-डी एको, सीटी. निदान ईजीपीए, जुने डॉक्टर ज्याला चर्ग-स्ट्रॉस म्हणतात ते.

मिथाइलप्रेडनिसोलोन सलाइनमधून झालं, आता स्टिरॉइडच्या गोळ्या चालू आहेत, सायक्लोफॉस्फामाइडचा (प्रतिकारशक्ती दाबणारं औषध) पहिला डोस झाला आणि घरी सोडलं. ताप गेला, दम लागत नाही. पण पाऊल तसंच आहे. मला तीन गोष्टी विचारायच्यात: १) नस परत चालू होते का आणि किती वेळ लागतो? २) एएनसीए टेस्ट (या आजारात रक्तात बघतात ती अँटिबॉडी) निगेटिव्ह आली, मग निदान नक्की बरोबर आहे ना? ३) दादा कालपासून म्हणतोय की डाव्या डोळ्यासमोर मधेच काळं येतं आणि मिनिटभराने जातं. ओपीडीची तारीख पुढच्या आठवड्यात आहे, तोपर्यंत थांबलं तर चालेल का?

अंजन

रोहिणीताई, मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे. पहिले दोन प्रश्न नंतर. तिसऱ्याचं उत्तर: नाही, थांबू नका. आत्ता निघा, ओपीडीची वाट बघू नका, जिथे उपचार चालू आहेत तिथल्या कॅज्युअल्टीला जा. रक्तवाहिन्यांना सूज असलेल्या माणसाला एका डोळ्यासमोर काळं येऊन जाणं म्हणजे डोळ्याच्या पडद्याला किंवा ऑप्टिक नर्व्हला मधेमधे रक्त कमी पडतंय असंच धरून चालायचं. पडद्याची मुख्य धमनी पूर्ण बंद झाली तर पडदा काही तासांतच कायमचा खराब होतो, नंतर चष्मा, ड्रॉप, ऑपरेशन कशानेही ती नजर परत येत नाही. आत्ता नजर परत येतेय, म्हणजे अजून वेळ आहे.

केसपेपरवर आणि तोंडाने एकच वाक्य सांगा, "ईजीपीए आहे आणि एका डोळ्याची नजर जाऊन येतेय". नुसतं "डोळ्याला धूसर दिसतंय" म्हटलंत तर चष्म्याच्या रांगेत बसवतील.

रोहिणी_भांडुप

निघतोय. वहिनी फाइल घेतेय.

माहीमकर

काळजी घ्या ताई. कळवत राहा.

शुभदा

रोहिणी, तू हे नंतर वाचशील. मला ईजीपीए नाही, त्याचाच भाऊबंद जीपीए आहे, जुनं नाव वेगेनर्स. ईजीपीएमध्ये नसांचा त्रास जास्त, अर्ध्याहून जास्त पेशंटना होतो, आणि डोळ्याचा कमी. जीपीएमध्ये डोळे खूप जणांचे धरतात. माझे दोन्ही डोळे धरले, म्हणून सविस्तर लिहिते, उद्या कुणीतरी शोधत इथे येईल.

सुरुवात डोळा लाल होण्यापासून झाली. सगळे म्हणाले डोळे आलेत. पण डोळे येतात तेव्हा चिकट घाण येते, खुपतं, दुखत मात्र फारसं नाही. माझा डोळा आतून, हाडातून दुखायचा, भुवई, कानशील, जबडा सगळं धरून. पहाटे दुखण्याने जाग यायची. लाली पण गुलाबी नव्हती, जांभळट होती. याला स्क्लेरायटिस म्हणतात, डोळ्याच्या पांढऱ्या भागाची सूज. नुसत्या ड्रॉप्सने हा जात नाही, कारण आजार अंगात असतो. डोळ्याचे डॉक्टर आणि संधिवाताचे डॉक्टर म्हणजे रुमॅटॉलॉजिस्ट एकमेकांशी बोलले तरच काम होतं. माझ्या दुसऱ्या डोळ्यात बुबुळाच्या कडेला जखम झाली होती, ती कड आतून विरघळत जाते आणि डोळा फुटूसुद्धा शकतो. तेव्हा रिटुक्सिमॅब (हे पण प्रतिकारशक्ती दाबणारं औषध) दिलं आणि डोळा वाचला.

आणखी एक, आणि हे आपल्याकडे फार होतं. माझ्या फुफ्फुसात पोकळी दिसली म्हणून आधी टीबीची औषधं सुरू झाली होती. मुंबईत छातीत पोकळी दिसली की पहिला संशय टीबीचाच येणार, आणि तो यायलाही हवा, त्यात डॉक्टरांचं काही चुकत नाही. पण थुंकीत जंतू सापडत नाहीत, औषधाने फरक नाही, नाकातून रक्ताच्या खपल्या, लघवीत रक्त-प्रोटीन, डोळे लाल, असं सगळं असेल तर टीबीच्या पलीकडे बघायला हवं ना. शिवाय टीबीच्या गोळ्यांतलं इथॅम्ब्युटॉल स्वतःच ऑप्टिक नर्व्हला त्रास देऊ शकतं, लाल-हिरवा रंग फिका दिसायला लागतो. म्हणजे नजर कमी झाली तर आजारामुळे की औषधामुळे ते पण बघावं लागतं.

पायवाट

मी फिजिओथेरपिस्ट, लालबाग-परळ भागात काम करते. ताई, पहिल्या प्रश्नाचं उत्तर जरा मोठं आहे.

नसेला स्वतःच्या बारीक रक्तवाहिन्या असतात. या आजारात त्या सुजून बंद होतात आणि त्या जागी नसेचा रक्तपुरवठा तुटतो, आतले धागे मरतात. म्हणून हे अचानक होतं, एका वेळी एक नस, कधी उजवा पाय कधी डावा हात, कसलाही मेळ नाही. डायबेटिसच्या न्यूरोपथीत बहुतेक वेळा दोन्ही पायांच्या बोटांपासून सारखं आणि हळूहळू वर चढतं, तसं हे नाही. दादांचं पाऊल उचलत नाही म्हणजे गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूने हाडाला वळसा घालून जाते ती पेरोनियल नस गेली, आणि करंगळी बधिर म्हणजे कोपरामागची अल्नर.

आता गंमत नाही, गंभीर गोष्ट सांगते: आपल्या देशात या दोनच नसा अशा बधिर झाल्या की कुष्ठरोग आधी तपासावा लागतो, कारण तो पण नेमक्या याच नसा धरतो. बऱ्याच नातेवाइकांना हे ऐकून अपमान वाटतो आणि ते तपासू देत नाहीत. प्लीज तसं करू नका. कोपरामागे नस जाड लागते का, अंगावर बधिर चट्टे आहेत का हे बघायला पाच मिनिटं लागतात. बायोप्सीने दोन्ही वेगळे ओळखता येतात आणि दोन्हींवर उपचार आहेत, फक्त पूर्ण वेगळे.

नस परत वाढते. पण साधारण दिवसाला १ मिलिमीटर, म्हणजे महिन्याला एक इंच धरा. म्हणून औषधाने ताप पटकन उतरला तरी पाऊल महिनोन्महिने तसंच दिसणार, औषध लागू पडत नाहीये असा त्याचा अर्थ नाही. औषधाचं पहिलं काम नवीन नस जाऊ न देणं हे आहे. जी गेली ती किती परत येईल हे किती धागे शिल्लक आहेत त्यावर असतं. कुणाचं वर्षभरात चांगलं येतं, कुणाचा बधिरपणा थोडा राहूनच जातो, खोटं आश्वासन देणार नाही. मधल्या काळात घोट्याचा सांधा आखडू द्यायचा नाही, टाच मागून ताणायची, आणि एएफओ स्प्लिंट घालायचा, ज्याने पाऊल काटकोनात राहतं आणि चालताना अडखळत नाही.

अजून एक लक्षात ठेवा. पुढे खुर्चीतून उठायला किंवा जिना चढायला मांड्यांत जोर नाही वाटलं तर ते बऱ्याचदा स्टिरॉइडमुळे स्नायू कमजोर झाल्याने असतं, नस गेल्याने नाही. डॉक्टरांना दोन्ही वेगळं करून सांगा.

विनय७२

+१ पायवाट ताई. मी स्वतः ईजीपीएवाला, दोन्ही पाय गेले होते. एक पूर्ण आला, दुसऱ्याची बोटं अजून नीट उचलत नाहीत पण मी लोकलने कामाला जातो.

एएनसीएबद्दल. ईजीपीएच्या पेशंटमध्ये तो साधारण ३० ते ४० टक्क्यांनाच पॉझिटिव्ह येतो. माझाही निगेटिव्हच होता. मला असं सांगितलं गेलं की पॉझिटिव्हवाल्यांत नसा आणि किडनी जास्त, निगेटिव्हवाल्यांत हृदय जास्त, पण हा काही पक्का नियम नाही. म्हणून निगेटिव्ह असेल तर हृदयाकडे दुर्लक्ष नको, एको झालाय हे चांगलं, गरज वाटली तर कार्डियाक एमआरआय पण सांगतात.

बाकी दम्याच्या लोकांसाठी एक गोष्ट कळकळीने सांगतो, हे मला खूप उशिरा कळलं. स्टिरॉइड घेतलं की इओसिनोफिल एक-दोन दिवसांत धाडकन खाली येतात. दम्यासाठी आपण अधूनमधून स्टिरॉइडचा कोर्स घेत राहतो आणि रक्त नेमकं कोर्स चालू असताना तपासलं जातं, मग काउंट नॉर्मल दिसतो आणि आजार लपून राहतो. मोठेपणी सुरू झालेला दमा, नाकात पॉलिप, आणि सोबत काही वेगळं म्हणजे मुंग्या, पुरळ, वजन उतरणं असं दिसलं तर स्टिरॉइड सुरू करायच्या आधीचा साधा सीबीसी जपून ठेवा. जुन्या फाइलींमधले सीबीसी पण काढून बघा, माझ्या निदानाच्या कितीतरी आधी तिथे इओसिनोफिल १८ टक्के लिहिलेले सापडले.

आणि इओसिनोफिल वाढायला आपल्याकडे जंत हे मोठं कारण आहे. त्यातला स्ट्राँगायलॉइड्स नावाचा जंत अंगात असताना जास्त स्टिरॉइड दिलं तर तो सगळीकडे पसरून जिवावर बेतू शकतं, म्हणून आधी तपासणी किंवा जंताचं औषध देतात. दादांना दिलं असेलच, फक्त विचारून घ्या.

सह्याद्रीपुत्र

ताई, माझं स्पष्ट मत, स्टिरॉइडने शरीराची वाट लागते. आमच्या मामांना संधिवात होता, सगळ्या गोळ्या एका दिवसात बंद केल्या, गुळवेल आणि इम्युनिटी वाढवणारे काढे सुरू केले, आज ठणठणीत आहेत. या आजारात पण इम्युनिटीच कमी पडते ना? एकदा विचार करा.

शुभदा

सह्याद्रीपुत्र दादा, तुमच्या मनात काळजीच आहे हे कळतंय, पण यातली प्रत्येक गोष्ट या पेशंटसाठी धोक्याची आहे म्हणून स्पष्ट लिहिते. इथे इम्युनिटी कमी पडत नाही, ती स्वतःच्याच रक्तवाहिन्यांवर चालून जातेय. तिला आणखी वाढवायचं कशाला? गुळवेलीबद्दल म्हणाल तर २०२१ मध्ये मुंबईतल्याच लिव्हरच्या डॉक्टरांनी ती घेतल्यावर यकृताला सूज आलेल्या पेशंटची नोंद प्रसिद्ध केली होती, आणि त्यातल्या काहींना ऑटोइम्यून आजाराची पार्श्वभूमी होती. आयुष मंत्रालयाला तो निष्कर्ष मान्य नव्हता हेही सांगते, पण ज्याला आधीच ऑटोइम्यून आजार आहे त्याने हा प्रयोग का करावा?

आणि बरेच दिवस घेतलेलं स्टिरॉइड एका दिवसात बंद केलं तर शरीराचं स्वतःचं स्टिरॉइड तयार व्हायला लागलेलं नसतं, बीपी कोसळतं, माणूस आयसीयूत जातो. कमी करायचं ते डॉक्टरच हळूहळू करतात.

सह्याद्रीपुत्र

हे माहीत नव्हतं. मामांचा आजार वेगळा होता हे खरं. ताईंनी माझं ऐकू नये.

अंजन

स्टिरॉइडचा डोळ्यावरचा परिणाम पण सांगून ठेवते, कारण इथे आजार आणि औषध दोघंही डोळ्याला त्रास देतात. आजाराचा त्रास अचानक होतो: काळं येणं, एकाचे दोन दिसणं (डोळा हलवणाऱ्या नसा गेल्या तर), खूप दुखणं, डोळा पुढे येणं, पापणी पडणं. यातलं काहीही झालं तर त्याच दिवशी जायचं. स्टिरॉइडचा त्रास हळूहळू होतो: भिंगाच्या मागच्या बाजूला मोतीबिंदू, ज्यात उजेडात आणि समोरून गाडीचा लाइट आला की जास्त त्रास होतो, आणि डोळ्याचं प्रेशर वाढणं. हे प्रेशर दुखत नाही, कळत नाही आणि काचबिंदू होऊन जातो. म्हणून काही त्रास नसला तरी दर काही महिन्यांनी प्रेशर मोजून घ्या. मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं, काचबिंदूने गेलेली नजर येत नाही.

पायाच्या आगीसाठी अमिट्रिप्टिलिन दिलं असेल तर डोळ्याच्या डॉक्टरांना तेही सांगा. काही जणांच्या डोळ्याचा कोन अरुंद असतो, त्यांचं प्रेशर त्याने एकदम वाढू शकतं.

रोहिणी_भांडुप

सगळ्यांना आधी मनापासून नमस्कार. अंजन, तुमचं ते वाक्य जसंच्या तसं सांगितलं आणि लगेच आत घेतलं. बाहुल्या मोठ्या करून पडदा बघितला, पडद्यावर कापसासारखे पांढरे डाग दिसले. म्हणजे तिथल्या बारीक वाहिन्यांना रक्त कमी पडतंय, पण मुख्य धमनी चालू आहे. डोळ्याची अँजिओग्राफी केली. हृदयातून गुठळी जातेय का ते बघायला एको परत केला, मानेच्या वाहिन्यांचं डॉपलर पण केलं, दोन्ही ठीक. दादाला भरती करून परत सलाइनमधून स्टिरॉइड सुरू केलंय. डोळ्याचे सर आणि रुमॅटॉलॉजीच्या मॅडम बेडपाशी उभ्या राहून एकमेकांशी बोलल्या, ते बघून वहिनीला धीर आला. कालपासून काळं आलेलं नाही. डोळ्याचे सर म्हणाले तारखेची वाट बघितली असतीत तर काही सांगता आलं नसतं.

कुष्ठरोगाची तपासणी बायोप्सीतच झाली होती म्हणे, आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. जंताचं औषध पण दिलंय. आणि विनयदादा, जुन्या फाइलीत आम्हालाही सापडलं, पॉलिपच्या ऑपरेशनआधीच्या रक्तात इओसिनोफिल वाढलेलेच होते.

मेपोलिझुमॅब नावाचं इंजेक्शन असतं असं वाचलं. मॅडमना विचारायचं का? आणि खर्चाचं कसं करता सगळे?

विनय७२

छान बातमी ताई!

मेपोलिझुमॅब इओसिनोफिलवरच काम करतं. २०१७ मध्ये १३६ पेशंटची मोठी चाचणी प्रसिद्ध झाली, दर ४ आठवड्यांनी ३०० मिलिग्रॅम, आणि त्यात आजार शांत राहण्याचं आणि स्टिरॉइड कमी होण्याचं प्रमाण चांगलं दिसलं. पण त्या चाचणीत अवयव किंवा जीव धोक्यात असलेले पेशंट घेतलेच नव्हते. दादांची नस आणि डोळा दोन्ही धोक्यात आहेत, म्हणून आत्ता सायक्लोफॉस्फामाइडच बरोबर वाटतं, आणि रिटुक्सिमॅब हा दुसरा पर्याय. मेपोलिझुमॅब पुढे दमा आणि स्टिरॉइड आटोक्यात ठेवायला कामी येऊ शकतं, तेव्हा विचारा. महाग आहे. रिटुक्सिमॅब मात्र भारतीय कंपन्या २००७ पासून बनवतात, त्यामुळे मूळ औषधाच्या मानाने स्वस्त पडतं. त्याआधी हिपॅटायटिस बी तपासतात, ते चुकवू नका.

सायक्लोफॉस्फामाइडच्या दिवशी भरपूर पाणी प्यायला लावा, मूत्राशयाला त्रास होतो. लघवी लाल दिसली तर लगेच सांगा.

खर्चासाठी हॉस्पिटलच्या समाजसेवा विभागात म्हणजे एमएसडब्ल्यूकडे जाऊन बसा, महात्मा फुले योजनेत काय बसतं आणि कुठल्या ट्रस्टकडे अर्ज करायचा हे त्यांना नीट माहीत असतं. पायाचा त्रास राहिला तर दिव्यांग प्रमाणपत्राचं बघा, ४० टक्क्यांपासून पुढे बरेच फायदे लागू होतात, लोकलच्या दिव्यांग डब्यातून जाता येतं. मला त्याचा फार आधार झाला, दादरचा जिना आणि गर्दी अशा पायाने जमत नाही.

माहीमकर

पावसाळा चालू आहे म्हणून एक. माझ्या बाबांना वेगळ्या कारणाने न्यूरोपथी आहे, पण पाय बधिर तो बधिरच. साचलेल्या पाण्यातून अजिबात जायचं नाही. बधिर पायाला खिळा लागला तर कळत नाही, उघड्या जखमेतून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) होतो, आणि दादांची प्रतिकारशक्ती औषधाने मुद्दाम कमी केलेली आहे. नाइलाजाने जावंच लागलं तर त्याच दिवशी पालिकेच्या दवाखान्यात दाखवा, डॉक्सिसायक्लिन देतात. रोज रात्री वहिनींनी तळवे आणि बोटांच्या बेचक्या बघायच्या, त्यांना स्वतःला दिसत नाही नीट. गरम पाण्याची पिशवी त्या पायाला नकोच.

रोहिणी_भांडुप

पाण्याचं लक्षातच आलं नव्हतं, आमच्या गल्लीत दर पावसात गुडघाभर साचतं. वहिनीला वाचून दाखवलं.

पायवाट ताई, एएफओ कुठे करून घ्यायचा? मेडिकल स्टोअरमध्ये रेडिमेड मिळतो तो चालेल का? आणि दादा घरात अनवाणी, बाहेर चप्पल, बूट कधी घातलेच नाहीत त्याने.

पायवाट

रेडिमेड तात्पुरता चालेल, पण बधिर पायावर तो कुठे घासतोय ते त्यांना कळणार नाही, म्हणून मापाचा करून घ्या. हाजी अलीला केंद्र सरकारची पुनर्वसन संस्था आहे, अखिल भारतीय भौतिक चिकित्सा, तिथे कमी खर्चात करून मिळतो. केसपेपर, एनसीव्हीचा रिपोर्ट आणि जो बूट वापरणार तो बूट सोबत न्या, बुटाशिवाय माप नीट बसत नाही. बूट एक साइझ मोठा घ्या. बूट नकोच म्हणाले तर मागे पट्टा असलेली, पुढून बंद सँडल चालेल, नुसती चप्पल नाही.

सुरुवातीला थोडाच वेळ घालायचा, काढल्यावर कातडी बघायची. लाली अर्ध्या तासात गेली नाही तर परत नेऊन घासणारी जागा मोकळी करून घ्या. घरात पण अनवाणी नको, मऊ तळव्याची वेगळी सँडल घरात ठेवा. आणि करंगळीसाठी हाताचे व्यायाम वेगळे आहेत, डिस्चार्ज झाला की इथेच लिहा, मी सांगते.